शेवंताबाईंची साधी गाठ

हिरडीवर उगवणाऱ्या गाठींबद्दल ऐन दिवाळीत, चकलीचा तुकडा तोंडात असताना, कुणी आवडीने वाचेल असं मला वाटत नाही. पण संपादकांनी ‘तुमच्या कामातलं काहीतरी लिहा’ असा आग्रह धरला, आणि माझ्या कामातलं जे अजून मला स्वस्थ बसू देत नाही ते नेमकं हेच आहे. तेव्हा वाचकांनी फराळ आधी उरकून घ्यावा.

मी नारायणगावात पंचवीस-सव्वीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला. आमचं घराणं मूळचं मारवाडातलं, जैन, मंचरला कापडाचं दुकान. चार पिढ्या कापड फाडण्यात गेल्या आणि मी दात उपटायला लागलो. आई चातुर्मासात रोज विचारायची, “आज किती जणांचं रक्त काढलंस?” मी आकडा कमी करून सांगायचो.

दातांच्या डॉक्टरचा बहुतेक दिवस किडीत जातो. मधूनच एखादा माणूस बोटाने ओठ वर करून दाखवतो आणि दोन दातांच्या फटीतून हिरडीवर वाटाण्याएवढं, कधी बोराएवढं मांस उगवलेलं दिसतं. तो माणूस तोवर अर्धा मेलेला असतो. कारण तो तंबाखू खात असतो किंवा ती बाई मिसरी लावत असते, आणि शेजारच्या कुणीतरी “माझ्या मावसभावाला असंच झालं व्हतं” असं सांगून ठेवलेलं असतं. प्रत्यक्षात हिरडीवरच्या अशा बहुतेक गाठी साध्या असतात. गरोदर बाईच्या हिरडीवर लालभडक, बोट लागताच रक्त सुटणारी गाठ येते. दातावर साठलेलं किटण टोचत राहिलं की फिकट, घट्ट गाठ येते. काही गाठींच्या पोटात तर चक्क हाडाचे कण सापडतात. आणि एक जात आहे जांभळट, काळजाच्या रंगाची. ती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की तिच्यात अवाढव्य पेशी दिसतात, म्हणून तिला आम्ही राक्षसपेशींची गाठ म्हणतो. नाव भयंकर आहे, पण ती कॅन्सर नव्हे. माझ्या हाताखाली अशा मोजक्याच आल्या.

डोळ्यांनी बघून यातली कुठली कोणती हे छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून गाठ कापायची, तिचं मूळ खरवडायचं, आणि तुकडा औषधाच्या बाटलीत घालून पुण्याला तपासायला पाठवायचा. त्या काळात आमच्या भागात कापलेली गाठ बादलीत टाकून देणारेही होते. मी प्रत्येक तुकडा पाठवला, याचा मला अभिमान होता. औषधांच्या दुकानाचा माणूस एसटीने पुण्याला जायचा, त्याच्या पिशवीत माझी बाटली असायची. पुण्यात एक वयस्कर पॅथॉलॉजिस्ट बाई होत्या. त्यांचा रिपोर्ट टाइप केलेला असायचा, आणि खाली कधीकधी शाईच्या पेनाने हाताने लिहिलेली एखादी ओळ. माझी त्यांची भेट कधीच झाली नाही, पण ते अक्षर मी कुठेही ओळखीन.

रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस लागत. त्या दिवसांत लोक काय काय करतात! पेठचे एक निवृत्त मास्तर होते. त्यांची गाठ मी कापली आणि बाटली रवाना केली. बांधावरून सख्ख्या भावाशी त्यांचं अनेक वर्षं बोलणं नव्हतं. आपण आता जाणार असं समजून मास्तर उठून भावाच्या दारात गेले, दोघं गळ्यात पडून रडले, एका पंक्तीला जेवले. रिपोर्ट आला, गाठ साधी निघाली. पुढच्या वर्षी मास्तर दाढ काढायला आले तेव्हा मी भावाची चौकशी केली. म्हणाले, “त्याचं नाव काढू नका. चार हात आत सरकलाय.”

मी हा किस्सा बऱ्याच वेळा सांगून लोकांना हसवलं आहे. त्यातली खरी गोष्ट मला उशिरा कळली. ‘कॅन्सर नाही’ हे शब्द ऐकले की माणसाचे कान मिटतात. ज्याला काहीतरी होतंय त्याचे मिटतात, घरच्यांचे मिटतात, आणि डॉक्टरचेही मिटतात.

शेवंताबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. पिंपरी पेंढारच्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, पण चालणं साठीच्या बाईचं. सोबत नवरा, बबनराव. उंच, बोलका, मनाने चांगला माणूस; हे मी आजही म्हणतो. खालच्या जबड्यात डावीकडे सुळ्याच्या मागे जांभळट गाठ होती. बाईंनी तोंडावरचा पदर काढेपर्यंत बबनराव तीनदा घाम पुसून झाले होते.

“डॉक्टर, खरं काय ते सांगा. मी आयकायला तयार हाय,” ते म्हणाले.

“बघितल्याशिवाय काय सांगू? तुमचं काय दुखतं, बाई?”

शेवंताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. “गाठ न्हाई दुखत. बाकीचं दुखतं.”

“बाकीचं म्हणजे?”

“हाडं दुखत्यात. पाय, कंबर, बरगड्या. रातंदिस तहान लागती. कशात मन लागंना.”

“ते तिचं नेहमीचं हाय,” बबनराव मधेच बोलले. “दोनदा मुतखडा झाला, तवापासून असंच. तुमी गाठीचं बघा.”

मी गाठीचं बघितलं. तेवढंच माझं काम आहे असं मी समजत होतो.

गाठ कापली. रक्त बरंच गेलं, पण बाईंनी हूं की चूं केलं नाही. माझ्याकडे मंदाताई नावाच्या मदतनीस होत्या, वयाने माझ्याहून मोठ्या. त्यांनी बाईंना खुर्चीतून उठवलं आणि ते दोघं गेल्यावर मला म्हणाल्या, “डॉक्टर, या बाईंना उठवायला दोन्ही हात लागले. एवढ्याशा तर आहेत.” मी हात धूत होतो. मी म्हणालो, “घाबरल्यात.”

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. राक्षसपेशींची गाठ, साधी, कॅन्सरचा मागमूस नाही. आणि खाली शाईने एक ओळ होती: ‘रक्तातलं कॅल्शियम तपासून घेतल्यास बरं.’ इंग्रजीत होती, पण अर्थ हाच.

त्या ओळीचा अर्थ मला कळत होता, हे इथेच सांगून टाकतो. गळ्यात थायरॉइडच्या मागे तुरीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम किती राहावं यावर त्यांची नजर. त्यातली एखादी बिघडून वाढली तर ती हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात आणत राहते. हाडं पोकळ होतात, मूत्रपिंडात खडे साचतात, तहान लागते, मन खचतं. आणि क्वचित, फार क्वचित, जबड्यात किंवा हिरडीवर अशी गाठ येते. कॉलेजात हे सगळं एका तासात शिकवलं होतं. परीक्षेत लिहून मी मार्कही मिळवले होते. पण परीक्षेतला आजार पिंपरी पेंढारहून एसटीत बसून आपल्या खुर्चीपर्यंत येईल, असं कुणाला वाटतं?

रिपोर्ट घ्यायला बबनराव एकटेच आले. दारातूनच माझा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. मी म्हणालो, “कॅन्सर नाही.” तो एवढा मोठा माणूस बाकावर बसला आणि टोपी तोंडावर धरून रडला. मग बाहेर गेला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आला. प्रतीक्षेत बसलेल्या पेशंटना, मंदाताईंना, खालच्या सायकलवाल्याला, सगळ्यांना पेढे वाटले. दाढा धरून बसलेली माणसंही पेढा खाऊन हसली. एवढ्या आनंदात मी ती शाईची ओळ काढली नाही. ती तपासणी तेव्हा आमच्या गावात होत नव्हती, पुण्याला जावं लागलं असतं. मनात म्हटलं, पुन्हा येतील तेव्हा सांगू. रिपोर्ट फाइलला लावला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

दीड वर्षाने गाठ परत आली. त्याच जागी, जरा मोठी. आता त्यांच्या घरात भीती नव्हती. साधी गाठ, मागच्यासारखी कापायची, झालं. शेवंताबाई मात्र खूपच उतरल्या होत्या. जिना चढताना मध्ये दोनदा बसल्या, असं मंदाताईंनी सांगितलं. मी त्यांना विचारलं, “कशा आहात?” उत्तर बबनरावांनी दिलं.

“काय सांगू डॉक्टर, हिनं अंथरूणच धरलंय. सुनबाई सगळं करती. सगळे डॉक्टर झाले, कुणी म्हनतं अंगात रक्त कमी, कुणी म्हनतं वात. गुण म्हनून न्हाई. आता तुमीच सांगा हिला. कॅन्सर न्हाई, काय न्हाई, मग कशाला ही सोंगं?”

ते हे रागाने म्हणाले नाहीत. थकून म्हणाले. बाईंनी मान खाली घातली.

मी त्या भागाचा एक्स-रे काढला. त्या काळी दाताची छोटी फिल्म आम्ही काळ्या डब्यात हात घालून स्वतःच धुवायचो. निरोगी जबड्याच्या एक्स-रेत प्रत्येक दाताच्या मुळाभोवती पेन्सिलीने काढावी तशी एक बारीक पांढरी रेघ दिसते. ती हाडाची कड. शेवंताबाईंच्या फिल्मवर ती रेघ कुठेच नव्हती. एका दाताभोवती नव्हे, कुठल्याच दाताभोवती नव्हती. सगळं हाड धुक्यासारखं. मी फिल्म दिव्यासमोर धरली आणि मनाशी म्हणालो, धुण्याचं औषध जुनं झालंय, बदलायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते खरंच बदललं. फिल्म मात्र पुन्हा काढली नाही.

दुसरा रिपोर्टही तसाच आला. साधी गाठ. खाली शाईची ओळ, या वेळी तिच्याखाली दोन रेघा ओढलेल्या: ‘कॅल्शियम तपासलं का? कृपया तपासावं.’ ते वाचून मला थोडी लाज वाटली, आणि बबनराव आले तेव्हा मी विषय काढला.

“एकदा यांना पुण्याला नेऊन रक्त तपासून आणा. मी चिठ्ठी देतो.”

“कशासाठी? रिपोर्टात काय निघालं का?”

“नाही, गाठ साधीच आहे. पण कधीकधी रक्तात दोष असतो.”

“अर्जंट हाय का, डॉक्टर? कांदा काढायला आलाय.”

मी म्हणालो, “तसं अर्जंट नाही.”

चार शब्दही नाहीत. तीन. नंतर मी ते शब्द पुष्कळ वेळा तपासून बघितले आहेत. मला खोटं बोलायचं नव्हतं. समोरच्या माणसाला घाबरवायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. साध्या गाठीच्या डॉक्टरने उगाच मोठा रोग काढला आणि तो निघाला नाही, तर पुण्याचे डॉक्टर हसतील, असंही कुठेतरी वाटत होतं. चिठ्ठी त्यांनी खिशात ठेवली. कांदा निघाला, मग टोमॅटो लागला. ते पुण्याला गेले नाहीत, आणि मी कधी निरोप पाठवून विचारलं नाही.

त्यानंतर तीन-चार वर्षं ते दोघं माझ्याकडे आले नाहीत. येत नाहीत म्हणजे बरं आहे, असं डॉक्टर लोक गृहीत धरतात.

मग एका उन्हाळ्यात बबनराव एकटेच आले. रांगेत बसले नाहीत, दारातच उभे राहिले. मी त्यांना आत घेतलं.

“मंडळी पुण्याला दवाखान्यात हायेत,” ते म्हणाले. “बोरीला माहेरी गेली व्हती, भाचीच्या साखरपुड्याला. उंबऱ्यावरनं खाली पाय ठेवला आन् मांडीचं हाड मोडलं. पडली न्हाई हो. नुसता पाय ठेवला. कडकन आवाज आला, आमी सगळ्यांनी आयकला.”

मी हातमोजे काढून ठेवले.

“तिथला एक तरुण डॉक्टर लई हुशार हाय. म्हनला, गळ्यात काय गाठ हाय, ती हाडं खाती. हिरडीवर पुन्हा एक आलीय ती बी त्यानं बघितली. म्हनला, आधी कधी आली व्हती का? मी म्हनलं, दोनदा, आमच्या नारायणगावच्या डॉक्टरांनी काढली. तर म्हनला, त्याचे जुने रिपोर्ट आना.”

मंदाताईंनी फाइल काढून दिली. दोन्ही रिपोर्ट वर होते, आणि दोन्हींवर ते अक्षर. फाइलच्या कव्हरात ती छोटी फिल्मही होती. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. धुण्याचं औषध जुनं नव्हतं. फिल्मच्या कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा ठसासुद्धा स्वच्छ उमटला होता. दातांभोवतीची रेघ तेवढी नव्हती.

क्षणभर मनात आलं की रिपोर्ट सापडत नाहीत म्हणावं. आलं ते आलं, लपवून काय करू? पण मी सगळं बबनरावांच्या हातात दिलं, फिल्मसकट. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, “तुमी एवढं जपून ठेवलं, तुमचे लई उपकार.”

पुण्यात शेवंताबाईंच्या गळ्यातली ग्रंथी काढली. शेंगदाण्याएवढी झाली होती, असं नंतर मला कळलं. मांडीत सळई घातली. हिरडीवरची तिसरी गाठ कुणी कापली नाही. ग्रंथी गेल्यावर ती दोन-तीन महिन्यांत आपोआप विरून गेली. मी जी गाठ दोनदा कापली, मूळ खरवडून काढलं म्हणून खूश झालो, तिचं मूळ हिरडीत नव्हतंच. हाडं हळूहळू भरू लागली, पण मूत्रपिंडं इतकी वर्षं खडे झेलून कामातून गेली होती. डॉक्टरांनी शेवंताबाईंना सांगितलं, ती आता सुधारणार नाहीत.

शेवंताबाई घरी आल्याचं कळल्यावर एका रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि पिंपरी पेंढारला गेलो. बायकोने विचारलं कुठे निघालात, तर म्हणालो, पेशंट बघायला. पेशंट बघायला मी कधीच कुणाच्या घरी गेलो नव्हतो. दात बघायला कोण घरी जातं?

शेवंताबाई पडवीत खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पण डोळे पूर्वीपेक्षा जिवंत वाटले. सून चहा ठेवायला गेली. बबनराव आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. माझ्यासाठी मांडलेली खुर्ची मी घेतली नाही, खाटेजवळ खालीच बसलो.

“अवं डॉक्टर, खाली कशाला,” बाई म्हणाल्या.

मी रस्त्याने पाठ करत आलो होतो ते सगळं विसरलो. सरळ म्हणालो, “बाई, तुमची पहिली गाठ तपासली तेव्हाच पुण्याच्या डॉक्टरबाईंनी लिहिलं होतं की रक्त तपासा. मी तुम्हाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी बबनरावांना सांगितलं, पण अर्जंट नाही म्हणालो. तेव्हा तपासलं असतं तर मूत्रपिंडं कदाचित वाचली असती. ही चूक माझी आहे.”

आतून स्टोव्हचा आवाज येत होता. बबनराव काहीतरी म्हणतील, ओरडतील, असं मला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेवंताबाई उशीवरून थोड्या पुढे सरकल्या. “म्हंजी पयल्या टायमालाच तुमाला ठावं व्हतं?”

“शंका होती.”

“माझी हाडं खरंच दुखत व्हती, ह्ये कुणीतरी कागदावर लिवलं व्हतं?”

“तसं म्हणा हवं तर. हो.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं. “तवा तुमी सांगितलं असतं तरी ह्यांनी मला पुण्याला नेलं असतं का न्हाई, कुनाला ठावं. कांदा असतो, पानी असतं, पावनंरावळं असतं. ते जाऊ द्या. पन डॉक्टर, मला तरी सांगायचं. सगळी म्हनायची, सोंग करती. इतकी वर्सं म्हनली, की मला बी वाटाया लागलं, मी सोंगच करती. पायात कळ आली की मी मलाच म्हनायची, गप बस, काय बी झालं न्हाई तुला.”

दाराकडे बघितलं तर चौकट रिकामी होती. सुनेने चहा आणला. मी तो प्यायलो, चव लागली नाही. बाईंनी मला त्यांचा हलणारा दात दाखवला, आणि मी तो बघितला, कारण तेवढं मला येत होतं.

निघताना बबनराव गोठ्यात दिसले. गाई रानात गेल्या होत्या, दावणी रिकाम्या होत्या, आणि ते पाठमोरे उभे होते. मी हाक मारली. त्यांनी वळून न बघता हात वर केला. तो निरोपाचा होता की ‘आता जा’ असा होता, मला कळलं नाही.

शेवंताबाई त्यानंतर जेमतेम पावणेदोन वर्षं जगल्या. दर महिन्या-दीड महिन्याने मी जायचो. औषध द्यायला नाही, माझ्याकडे त्यांच्यासाठी औषध नव्हतं. त्या मला हाडांचं सांगायच्या, कुठे किती दुखतं, काल कसं, आज कसं. मी ऐकायचो. त्या पुष्कळ बोलायच्या. वर्षानुवर्षांचं साठलेलं होतं.

दहाव्याला मी नदीवर गेलो होतो. विधी आटोपल्यावर बबनराव माझ्याजवळ येऊन बसले. आसपासचे पाहुणे उठून गेल्यावर हळूच म्हणाले, “डॉक्टर, एक इचारू? तिला पयल्यापासून दुखत व्हतं?”

“हो.”

“म्हंजी किती?”

“हाड मोडायच्या आधी जेवढं दुखू शकतं तेवढं. रोज.”

त्यांनी मान हलवली. नदीला पाणी थोडंच होतं. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, “तरी भाकऱ्या करायची वो ती. स्टोव्ह वट्यावरनं खाली घिऊन, बसून करायची. मी म्हनायचो, उभं राहाया काय झालं?”